पाळीचे वेळापत्रक आणि मनाचे मापन : मानसिक विकारांच्या प्रारंभिक निदानाची एक चिकित्सा

हृदयस्पंदन, झोपेचे तास, पावलांची संख्या, मोबाइल हाताळण्याच्या वेळा आणि दिवसभरातील संचार यांच्या नोंदींवरून नैराश्यासारख्या विकाराची चाहूल रुग्णाच्या आधी यंत्राला लागू शकेल, असा दावा गेल्या दशकभरात वारंवार करण्यात आला आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा तळवडे परिसराच्या संदर्भात करावयाची आहे. माहिती-तंत्रज्ञान उद्यान आणि लघुउद्योगांचे गाळे येथे एकाच गावाच्या शिवारात नांदतात, आणि दोहोंकडे रात्र ही कामाची वेळ असते.

दाव्यामागील गरज खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार 10.6 टक्के प्रौढ त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होते आणि नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे 85 टक्के उपचाराविना होते. (सर्वेक्षणातील 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही बाब आपल्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावी.) तेव्हा आक्षेप प्रारंभिक निदानाच्या हेतूवर नसून त्याच्या साधनांवर आहे.

या क्षेत्रात वारंवार आधारास घेतला जाणारा एक अभ्यास अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सोहराब साएब व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केला. 40 व्यक्तींच्या मोबाइलमधून दोन आठवडे नोंदी घेण्यात आल्या. विश्लेषणास पुरेशी माहिती मिळाली ती 28 व्यक्तींची. ज्यांच्या संचारात चोवीस तासांची लय नियमित नव्हती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. ते म्हणजे, दिनक्रमाची लय ही व्यक्तीची स्वतःची असते.

तळवड्यात ती तशी नसते. या आठवड्यात पहिली पाळी, पुढील आठवड्यात रात्रपाळी करणारा कामगार दुपारी झोपतो, पहाटे जेवतो आणि सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी पुन्हा दिवसाचा माणूस होऊ पाहतो. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्या अभियंत्याचीही गत निराळी नाही. त्यांची विस्कटलेली झोप यंत्र नोंदवील ते अचूकच. पण विस्कटले कोणी, हे त्या नोंदीत नसते. पाळीच्या कामाने मनःस्वास्थ्यावर ताण येतो हे खरेच आहे. मात्र वेळापत्रकाचा दोष कामगाराच्या नावावर 'धोका' म्हणून चढला, तर उपाय वेळापत्रकावर न होता कामगारावर होईल.

गणिताचाही विचार करावा. 1000 कामगारांपैकी 50 जण नैराश्यग्रस्त आहेत असे मानू. यंत्र आजारी व निरोगी दोघांनाही 80 टक्के वेळा बरोबर ओळखते असे धरले, तर ते 40 रुग्ण हेरील, 10 सोडील आणि 190 निरोगी व्यक्तींवर संशयाचा शिक्का मारील. संशयित 230 पैकी खरे रुग्ण एक-पंचमांशाहूनही कमी! रुग्णालयात अशी चूक पुढील तपासणीत दुरुस्त होते. ती यादी मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर पोहोचली तर काय होईल?

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील 23 वे कलम मनोरुग्णास गोपनीयतेचा हक्क देते. परंतु ते कर्तव्य उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. पावले मोजणारी कंपनी उपचार करीत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या 7 व्या कलमात तर नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. आरोग्याच्या नावाने वाटलेला पट्टा या दाराने हजेरीपत्रक होऊ शकतो.

याउलट गोव्यातील 'मानस' प्रयोग पाहावा. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात 12 सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे व 12 खाजगी दवाखाने होते. रुग्णांना साधी प्रश्नावली विचारली जाई आणि प्रशिक्षित सामान्य व्यक्ती समुपदेशन करीत. सरकारी केंद्रांत बरे होण्याचे प्रमाण वाढले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. प्रश्नांनंतर सोबत राहणारी व्यक्तीही असते, हे या पद्धतीचे मर्म मला वाटते. उपचाराची वाट नसलेले निदान हे केवळ वर्गीकरण होय.

आणि पट्टा कोणाच्या मनगटावर असेल, हेही विचारले पाहिजे. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवड्यातील एका कारखान्यास आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या तेथे तयार होत. अनेक महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. बचावलेल्या स्त्रियांना आणि मृतांच्या मुलांना मानसिक आघाताचा धोका आहे, हे समजण्यास कोणत्याही संवेदकाची आवश्यकता नव्हती. त्यांची नावे माहीत होती, घरेही माहीत होती. तेथे गरज होती ती सहा महिन्यांनी, वर्षाने दार ठोठावून 'झोप लागते का?' असे विचारणाऱ्या प्रशिक्षित माणसाची.