‘बेरड’ : एका शब्दाचा हिशेब

निर्लज्ज, कोडग्या माणसाला आपण मराठीत सहज ‘बेरड’ म्हणतो. ते एका जातीचे नाव आहे, हे बोलताना ध्यानीही येत नाही. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती ह्यांनी आपल्या आत्मकथनाला नेमके हेच नाव दिले. ह्या धैर्यातच ग्रंथाचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते.

१८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. रोजची हजेरी, बाहेर जाण्यास परवाना, गिरणीतले काम, अशी ती सुधारणा! तीत माणसांची गणती झाली. त्यांच्या बोलीची, देवांची, गाण्यांची झाली नाही. १९५२ साली कायदा रद्द झाला. संशय मात्र सुटला नाही. त्या संशयाखालचे जगणे गस्ती आतून सांगतात. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) ह्याच ग्रंथाचे भावंड. तेथेही शिवीच शीर्षक झाली आहे.

आमच्या समीक्षेने अशा पुस्तकांकडे बहुधा करुणेनेच पाहिले. त्यांतली स्मृती ओळखली नाही. १८५७ मध्ये मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी शस्त्रबंदीविरुद्ध उठाव केला. त्याची कानडी लावणी लोकांच्या कंठात राहिली आणि फ्लीटसाहेबांनी ती टिपून घेतली. सरकारी पटात जे मावले नाही, ते गाण्याने राखले. गस्तींचे गद्य त्याच परंपरेतले आहे.

निपाणीच्या सीमेवर तर विलक्षण प्रकार दिसतो. महाराष्ट्रात बेरड विमुक्त जातींत मोडतात. कर्नाटकात बेडर १९९१ पासून अनुसूचित जमातींत. माणसे तीच, नोंद वेगळी.

मंदिराशी नाते सांगणाऱ्या आपणां सर्वांना हा ग्रंथ परका नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या नावाने मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्ध गस्ती आयुष्यभर झटले. कर्नाटकाने १९८२ साली ह्या प्रथेविरुद्ध कायदा केला. गस्ती २०१७ साली निवर्तले. त्यांचे ऋण फेडायचे तर देवळात नारळ वाढवून भागणार नाही. निदान ‘बेरड’ ही शिवी आपल्या जिभेवरून उतरली पाहिजे.