विसर्जनानंतरचं नाटक

ब्रिटनमध्ये तरुणांचं नाटक सुरू करणं कधीच फार अवघड नव्हतं. दक्षिण लंडनच्या ॲलिन्स स्कूलमधले मायकेल क्रॉफ्ट नावाचे मास्तर शाळेची नोकरी सोडून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या हाताखाली शेक्सपिअर करायची चटक लागलेल्या पोरांनी त्यांची पाठ सोडली नाही. 1956 साली टॉयन्बी हॉलमध्ये ‘हेन्री द फिफ्थ’ उभं राहिलं आणि त्यातून नॅशनल यूथ थिएटर जन्मलं. या संस्थेचा विषय निघाला की हेलन मिरेन, डेरेक जेकबी, डॅनियल क्रेग ही नावं ठरल्यासारखी येतात. मला त्या यादीत फारसा रस नाही. तरुणांची नाट्यसंस्था टिकते ती तिच्यातून पुढे कोण गाजलं यावर नव्हे. 1967 साली पीटर टर्सननं या पोरांसाठी ‘झिगर झॅगर’ लिहिलं, त्यात फुटबॉलच्या मैदानावरचा अख्खा प्रेक्षकवर्गच रंगमंचावर आणून बसवला. एरवी भाला धरून मागे उभी राहणारी पोरं एकदम नाटकाच्या मध्यभागी आली. माझ्या लेखी ही घटना त्या सगळ्या यादीपेक्षा मोठी आहे.

म्हणजे दोन गोष्टी लागतात: त्या वयासाठी कुणीतरी मन लावून लिहिलेली संहिता, आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी उघडणारी तालमीची खोली. आजच्या ब्रिटनकडे पहिली भरपूर आहे, दुसरी हातातून निसटते आहे. तिथल्या मराठी मंडळींची अवस्था नेमकी उलटी.

आधी जे जमलं ते पाहू. नॅशनल थिएटरचा ‘कनेक्शन्स’ हा उपक्रम 1995 पासून चालू आहे. दर वर्षी सुमारे दहा नवी नाटकं व्यावसायिक लेखकांकडून मानधन देऊन लिहून घ्यायची, आणि 13 ते 19 वयोगटाच्या शेकडो शाळांनी, यूथ क्लबांनी त्यातलं एकेक निवडून बसवायचं. दिग्दर्शन करणाऱ्या मास्तर-बाईंना आधी त्या नाटकाच्या लेखकासोबत काम करायला मिळतं. मग प्रयोग आपल्या गावात, त्यानंतर जवळच्या एखाद्या मोठ्या थिएटरात, आणि प्रत्येक नाटकाचा एक प्रयोग शेवटी थेम्सकाठी, नॅशनलमध्ये. डेनिस केलीचं ‘डीएनए’ इथूनच आलं. एका मुलाचा छळ करता करता भलतंच घडून बसतं आणि टोळकं ते कसं दडपतं, याचं हे नाटक. 2008 मध्ये ते नॅशनलमध्ये झालं आणि पुढे जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात लागलं. त्यात उपदेश नाही, गोड शेवट नाही, मोठी माणसं तर रंगमंचावर फिरकतच नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलांना इतकं काळं नाटक विश्वासानं हातात देणारी सरकारी अनुदानावरची संस्था आपल्याकडे मला दाखवता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेत भरावी अशी: ‘कनेक्शन्स’मध्ये करंडक नाही. नॅशनलमध्ये जायला निवड होते, पण पहिला-दुसरा-उत्तेजनार्थ हा प्रकार नाही. आपली तरुण रंगभूमी 1963 पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या जोरावर उभी आहे. भरत नाट्य मंदिरातल्या ‘अरे आवाज कुणाचा’ या आरोळीनं किती नाटकवेडे घडवले, ते सांगायला नको. पण स्पर्धा जे देते त्याची किंमतही घेते. परीक्षकांना काय भावतं याचा अंदाज घेत एकांकिका बसतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांचा धक्का आधी ठरतो, मग उरलेली चाळीस मिनिटं. स्पर्धा संपली की संघही संपतो.

ब्रिटनची खोली निसटली ती मात्र एका दिवसात नाही. कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं 1965 मध्ये नट-शिक्षकांचं पथक थेट शाळांत पाठवायला सुरुवात केली आणि पाहता पाहता देशभर अशी पथकं झाली. त्याच काळात न्यूकॅसलमध्ये डोरोथी हीथकोट शिक्षकांना वेगळंच काही शिकवत होत्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापडगिरणीत लागलेल्या या बाई वर्गात स्वतःच भूमिका घेऊन शिरायच्या आणि मुलांना त्या गोष्टीतले जाणकार समजून त्यांच्याकडे सल्ला मागायच्या. मग 1988 चा शिक्षण कायदा आला. नाटक हा स्वतंत्र विषय राहिला नाही, इंग्रजीच्या पोटात गेला. शाळांचा पैसा शाळांच्या हाती गेला आणि कौन्सिलच्या पैशावर चालणारी पथकं एकेक करून आटली. 2010 नंतर शाळांचं मोजमाप ज्या विषयांवर होऊ लागलं त्यांत कलाविषय नव्हते, तेव्हा नाट्यवर्गांची जागाही आकसली. 2018 मध्ये स्कॉटिश यूथ थिएटर बंद होण्याच्या काठावर जाऊन सरकारी मदतीनं परतलं. ओल्डहॅम कॉलिसियम हे थिएटर तर अनुदान गेल्यावर 2023 मध्ये बंदच पडलं. पोकळी भरली ती फी घेणाऱ्या शनिवारच्या वर्गांनी. त्यातली सर्वांत ठाऊक साखळी, स्टेजकोच, सुरू झाली तीही 1988 सालीच. योगायोग असेल, पण बोलका आहे.

या पडझडीतही खोली कशी राखावी हे पाहायचं तर इझलिंग्टनच्या कंपनी थ्रीकडे पाहावं. अकरा-बाराव्या वर्षी आलेली मुलं एकोणिसाव्यापर्यंत तिथंच राहतात, आणि नाटक त्यांच्याच बोलण्यातून आकार घेतं. 2015 चं ‘ब्रेनस्टॉर्म’ किशोरांच्या मेंदूवरचं होतं, मेंदूशास्त्रज्ञ सेरा-जेन ब्लेकमोर यांच्या मदतीनं बेतलेलं. मला आवडली ती पुढची चाल: त्यांनी संहिता छापताना दुसऱ्या गटांनी स्वतःचं ‘ब्रेनस्टॉर्म’ कसं रचावं याची रीतही सोबत दिली. संहिता सांभाळून ठेवण्याऐवजी वाटून टाकली.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना 1932 ची, न. चिं. केळकरांच्या हातची. डॉलिस हिलला मंडळाची स्वतःची वास्तू आहे. लंडनमधल्या भल्याभल्या यूथ थिएटरांना जे नशिबात नाही, ते: स्वतःचं छप्पर. देशभरच्या इतर मंडळांनाही शाळेचा नाहीतर कम्युनिटी सेंटरचा हॉल मिळतोच. मुलं आहेत, हौशी आईबाबा आहेत, हुकमी प्रेक्षक आहेत. नाटक होतं गणपतीत, एकदा.

अशी एक तालीम पाहिली आहे. शिवाजी महाराजांवरचा प्रवेश. मावळ्यांचे संवाद फोनवर, रोमन लिपीत. दिग्दर्शन करणाऱ्या काकू ‘ळ म्हण, ळ!’ म्हणून घसा कोरडा करत होत्या आणि शिवाजी झालेला बारा वर्षांचा मुलगा ‘गड आला पन सिंह गेला’ असं वाण्याच्या यादीसारखं वाचून दाखवत होता. काकू चहाला गेल्या. त्याबरोबर त्याच मुलानं ओढणी खांद्यावर टाकली, चष्मा नाकावर आणला आणि ‘अगं लक्ष कुठंय तुझं, फोकस कर ना बाळा’ अशी काकूंची हुबेहूब नक्कल सुरू केली. एकजण त्याची आई झाली, एकजण ट्यूशनवाली. अर्धं मराठी, अर्धं लंडनचं इंग्रजी, वेळ अचूक, हशा जबरदस्त. काकू परत आल्या आणि सगळे पुन्हा मावळे झाले.

चूक काकूंची नाही. त्यांच्या हातात दुसरी संहिताच नव्हती. परदेशातल्या मुलांच्या बोलीत, त्यांच्या घरातल्या कटकटींवर लिहिलेलं मराठी नाटक मागवायचं कुठून? तेरा-चौदाव्या वर्षी ही मुलं मंडळाच्या रंगमंचावरून गायब होतात. जीसीएसई हे कारण सांगितलं जातं. पण तीच मुलं लॅम्डाच्या अभिनय-परीक्षा देत असतात, कारण वरच्या श्रेणींना विद्यापीठ-प्रवेशाचे यूसीएएस गुण मिळतात. ‘कनेक्शन्स’ सुरू होतं बरोबर त्याच तेराव्या वर्षी.

ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई मुलांनी यापेक्षा खूप कमी बळावर नाटक उभं केलेलं आहे. 1976 मध्ये साउथॉलला गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा खून झाला. त्या अस्वस्थतेतून पुढच्याच वर्षी जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी तारा आर्ट्स काढलं. पहिलं नाटक टागोरांचं. त्यांच्याकडे वास्तू नव्हती, सांगण्यासारखं होतं. आपली मंडळी डॉक्टरकीतून आणि आयटीतून स्थिरावलेली, तेव्हा सांगण्यासारखं काही नाही असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. चहाच्या सुट्टीतली ती नक्कल ऐकलेल्याला पटणार नाही.

शिवाय उसनं घेऊन आपलं करण्याची सवय आपल्याला आहे. 1986 मध्ये मोहन आगाशे आणि थिएटर ॲकॅडमीनं बर्लिनचं ‘ग्रिप्स’ बालनाट्य पुण्यात रुजवलं, आणि राक्षस-पऱ्यांवर वाढलेल्या बालनाट्यात मुलांची रोजची भांडणं आली.

तेव्हा मंडळांनी या मुलांसाठी वर्षभर चालणारं नाटक सुरू करावं. व्यवहाराचं बोलायचं तर कागदपत्रं आहेत, पण बाऊ करण्याइतकी नाहीत. मुलांसोबत काम करणाऱ्यांची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी हवी. मोबदला नसेल आणि शाळा बुडत नसेल, तर इंग्लंडमध्ये सहा महिन्यांत चार दिवसांपर्यंतच्या प्रयोगांना परवाना लागत नाही. त्यापुढे कौन्सिलची परवानगी आणि जास्तीत जास्त बारा मुलांमागे एक मान्यताप्राप्त शॅपरोन (देखरेख करणारी व्यक्ती). धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मंडळाला गिफ्ट एडमधून करदात्यांच्या देणगीच्या दर पौंडामागे 25 पेन्स वर मिळतात. खर्च खरा आहे तो दोनच माणसांचा: दर रविवारी दोन तास येणारा प्रशिक्षित तालीममास्तर, आणि वर्षाला एक नवं नाटक लिहून देणारा लेखक. दोघांनाही मानधन द्यायचं, हौसेवर ठेवायचं नाही. हौस गणपतीपर्यंतच पुरते. मुंबईहून नाटकाचा दौरा आणताना मंडळं विमानाची तिकिटं, व्हिसा आणि थिएटरचं भाडं उभं करतातच. त्यातला एक दौरा एका वर्षी वगळून पाहायला हरकत नाही.