वेळेची बचत आणि शोधाची शिकवण : डॉ. रंगनाथन यांच्या ग्रंथालयविचाराचे पुनर्वाचन

महाविद्यालयीन ग्रंथपाल हा अध्यापक आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वेतनश्रेणी, रजा आणि परीक्षेच्या कामाची वाटणी यांच्या संदर्भातच चर्चिला जातो. ग्रंथपाल नेमके काय शिकवतो, हा त्यामागचा खरा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानल्या गेलेल्या डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन (1892-1972) यांच्या शैक्षणिक कारकिर्दीकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर त्यांच्या विचारातील एक मोठे सामर्थ्य आणि तितकीच मोठी उणीव एकाच वेळी नजरेस येते.

रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. मंगळूर, कोइंबतूर आणि मद्रास येथील शासकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. जानेवारी 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ओस ग्रंथालयातील एकाकीपणाला कंटाळून त्यांनी वर्गात परत जाण्याची इच्छा व्यक्त केली होती, हे सर्वश्रुत आहे. आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण घ्यावे, मग वाटल्यास परतावे, अशी तडजोड झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बर्विक सेयर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शिकून आणि अनेक ग्रंथालये पाहून ते 1925 मध्ये परतले, ते ग्रंथपाल म्हणूनच. पुढील दोन दशकांतील त्यांची निर्मिती थक्क करणारी आहे. 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत, 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण, 1934 मध्ये वर्गीकृत तालिकेची संहिता आणि 1937 मध्ये वर्गीकरणाची तात्त्विक पूर्वपीठिका असे ग्रंथ एकामागून एक सिद्ध झाले. बनारस (1945-47) आणि दिल्ली येथील वास्तव्य, झुरिक, उज्जैन आणि अखेरीस 1962 मध्ये बंगलोर येथे स्थापन झालेले प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र हा पुढचा प्रवास परिचितच आहे.

या साऱ्या ग्रंथसंभारात एक ग्रंथ काहीसा बाजूला राहिला. 1940 च्या सुमारास त्यांनी संदर्भसेवेवर लिहिले. वाचक आणि ग्रंथ यांची व्यक्तिगत साहाय्याने गाठ घालून देणे, ही त्यांची संदर्भसेवेची संकल्पना. तिचे त्यांनी चार प्रकार केले : नवागतांना दीक्षा, सर्वसाधारण वाचकाला साहाय्य, तत्पर संदर्भसेवा आणि दीर्घव्याप्ती संदर्भसेवा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे चार प्रकार आजही क्रमाने लिहिले जातात. परंतु त्यांतील पहिल्याच प्रकाराला 'दीक्षा' हा शब्द का योजला असावा, याचा विचार क्वचितच होतो. दीक्षा म्हणजे कपाटे दाखवत फिरवणे नव्हे. तालिका कशी वाचावी, ग्रंथ फळ्यांवर कोणत्या तर्काने मांडलेले आहेत, संदर्भग्रंथाला प्रश्न कसा विचारावा, हे नव्या वाचकाला शिकवल्याशिवाय त्याचे ग्रंथालयाशी नाते जुळत नाही, ही एका अध्यापकाची दृष्टी त्यामागे आहे. 'माहिती साक्षरता' ही संज्ञा पॉल झुरकोवस्की यांनी अमेरिकेत 1974 मध्ये वापरली. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने तिला 1989 च्या अहवालात प्रतिष्ठा दिली. रंगनाथनांनी त्याच्या किती तरी आधी तिचे बीज पेरले होते, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

मात्र येथेच थांबून गौरव करणे हा समीक्षेचा मार्ग नव्हे. (गौरवपर लेखांची आपल्याकडे वानवा नाही, दर ऑगस्टमध्ये ते येतात.) रंगनाथनांच्या पाच सिद्धांतांत माहितीची पारख हा मुद्दा कोठे आहे, हे तपासले तर तो जवळजवळ आढळत नाही. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. या पाचांतही ग्रंथ विश्वसनीय आहे हे गृहीत धरलेले आहे. त्यासाठी रंगनाथनांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या सिद्धांताचे विवेचन ते मध्ययुगीन युरोपातील साखळदंडांनी जखडलेल्या ग्रंथांपासून सुरू करतात, यावरूनच त्यांच्यापुढचा प्रश्न स्पष्ट होतो. तो दुर्भिक्षाचा आणि कुलुपांचा प्रश्न होता. माहितीच्या पुरात कोणते पाणी पिण्याजोगे आहे, हा प्रश्न त्या काळाने त्यांना विचारलाच नव्हता.

अधिक गंभीर अडचण चौथ्या सिद्धांतात आहे. मुक्त प्रवेश, फळ्यांवरील सुसंगत मांडणी, विश्लेषणात्मक नोंदी, ग्रंथ देवघेवीची सुटसुटीत पद्धत या साऱ्यांचे समर्थन रंगनाथन वाचकाच्या वाचणाऱ्या वेळेच्या आधारे करतात. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे निर्विवाद आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने वाचकाचा सगळाच वेळ वाचवण्याजोगा असतो काय? रटगर्स विद्यापीठातील कॅरल कुल्थाऊ यांची कारकीर्द शालेय ग्रंथपाल म्हणून सुरू झाली. विद्यार्थी शोध कसा घेतात याचे निरीक्षण करून त्यांनी आरंभ, विषयनिवड, अन्वेषण, सूत्रबद्धता, संकलन आणि मांडणी असे सहा टप्पे मांडले. विषय निवडल्यावर वाढलेला विद्यार्थ्याचा आत्मविश्वास अन्वेषणाच्या टप्प्यावर खचतो. त्याला परस्परविरोधी मजकूर भेटतो आणि गोंधळ वाढतो. हा गोंधळ हा शिकण्याचाच एक भाग आहे, हे कुल्थाऊ यांचे प्रतिपादन. म्हणजे ग्रंथपालाने तो गोंधळ तत्परतेने मिटवला, तर वेळ वाचतो आणि शिकणे राहून जाते.

पदवीच्या प्रकल्पासाठी '1972 चा महाराष्ट्रातील दुष्काळ' हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. कुशल ग्रंथपाल दहा मिनिटांत चार ग्रंथ आणि एक शासकीय अहवाल त्याच्या हाती ठेवील. चौथा सिद्धांत पाळला गेला. पण विद्यार्थ्याला दुष्काळाचे नेमके काय शोधायचे आहे? रोजगार हमीची सुरुवात, स्थलांतर, पीकपद्धती की पाणीवाटप? शासकीय अहवाल, त्या काळचे वृत्तपत्र आणि खडी फोडायला गेलेल्या मजुराची आठवण यांच्यात विसंगती आढळल्यास कोणाचे, कशासाठी प्रमाण मानायचे? हे प्रश्न ग्रंथांच्या हस्तांतराने सुटत नाहीत.

विरोधाभास असा की, प्रश्न घडवण्याचे साधन रंगनाथनांपाशीच होते. व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत कोटी व त्यांवर आधारलेले पैलू-विश्लेषण ही त्यांची सर्वांत मौलिक देणगी. वरील विषय या पद्धतीने उलगडला तर स्थळ व काळ निश्चित आहेत, पण कोणता घटक आणि त्याची कोणती क्रिया, या जागा रिकाम्या आहेत, हे विद्यार्थ्याला क्षणात उमगेल. वाचकाच्या मागणीचा आशय स्पष्ट करण्यासाठी संदर्भ ग्रंथपालाने हे विश्लेषण वापरावे, असे रंगनाथनांना अभिप्रेत होते. ते वाचकाच्या हाती द्यावे, हा विचार मात्र त्यांच्या परंपरेत रुजला नाही. बंगलोरच्या केंद्राने वर्गीकरणाला सूक्ष्मतेच्या शिखरावर नेले, देशभरच्या अभ्यासक्रमांनी तेच उचलले, आणि गणिताच्या शिक्षकाने घडवलेले विचाराचे हत्यार ग्रंथाच्या पाठीवरील क्रमांकापुरते उरले. तो क्रमांक वाचकाला वाचता येत नाही, ही तक्रार जुनीच आहे. तो वाचायला कोणी शिकवले नाही, हे तितकेसे बोलले जात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 1957 मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथपालांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा व वेतन मिळावे, या मागणीला तिच्यामुळे बळ मिळाले. दर्जा पुढे बऱ्याच अंशी मिळाला. वेळापत्रकात तास मात्र मिळाला नाही. आज नियतकालिकांच्या उपलब्धतेचा प्रश्न पूर्वीइतका तीव्र नाही. 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेने शासकीय संस्थांना हजारो नियतकालिके खुली केली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर चौथा सिद्धांत पराकोटीला नेतात आणि प्रश्न पुरता विचारण्याआधीच उत्तर देतात, तेही न अडखळता, आणि प्रसंगी अस्तित्वातच नसलेल्या संदर्भांसह. 2019 च्या अखेरीस आयोगाने पीएच.डी. पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा 30 तासांचा, दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा केला. त्यात विदासंचांच्या वापराला स्थान आहे. म्हणजे शोध कसा घ्यावा हे विद्यार्थ्याला संशोधनाच्या उंबरठ्यावर कळावे, अशी योजना झाली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी जून-जुलैतील एक ग्रंथालय-भेट, ओळखपत्राचा अर्ज आणि नियमांची पत्रिका एवढेच येते. ज्याला रंगनाथनांनी दीक्षा म्हटले होते, त्या जागी आज हे आहे.