पापलेट मोजायचं कुठे?

गोखिवऱ्यातून समुद्र दिसत नाही, तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. तरी अर्णाळा-नायगावची मासळी सकाळी इथे पोहोचतेच. २०२३ साली चंदेरी पापलेट राज्यमासा ठरलं. त्याच वर्षी ५४ जातींचा किमान आकारही शासनाने ठरवला. पापलेटाला १३५ मिलिमीटर. मी पट्टी घेऊन बाजारात गेलो. टोपलीत त्याहून लहान पापलेटं होती. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मोजून काय करणार, भाऊ? ते आता परत पोहणार नाय.”

या नियमावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवलेलं नरसाळ्यासारखं जाळं. प्रवाह आणील ते आत: बोंबील, मांदेली, जवळा आणि पापलेटाची पिल्लंही. जवळा धरायचा तर शेवटच्या पिशवीची, म्हणजे खोल्याची, आस बारीकच लागते. पिल्लू वाचणार की नाही हे त्या आसावर, जागेवर आणि महिन्यावर ठरतं. पट्टी मात्र आपण टोपलीला लावतो. बाजारातली तपासणी सोपी, समुद्रातली अवघड, हे कबूल. पण सोपं तेच उपयोगाचं असं नव्हे.

आकडेवारीचंही तसंच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुना पाहणीवरून अंदाज बांधते तो बंदरात उतरलेल्या मासळीचा. माझी तक्रार त्या पद्धतीशी नाही, वाचणाऱ्यांशी आहे. टन वाढले की आपण साठा वाढला असं समजतो. त्या टनांसाठी किती फेऱ्या झाल्या, किती डिझेल जळलं? किलोला चार पापलेटं बसली की पंधरा? वजन दोन्हीकडे एकच. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत ट्रॉलरांची पकड चांगली दिसत राहिली, कारण उरलेले थवे हुडकण्यात ते तरबेज झाले होते. १९९२ मध्ये ती मासेमारीच बंद करावी लागली.

सातपाटी-डहाणूचे आणि वसई-उत्तनचे मच्छीमार कवींवरून, म्हणजे डोल बांधायला समुद्रात रोवलेल्या खांबांवरून, वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. बाहेरच्यांना तो हद्दीचा तंटा वाटतो. मला त्यात मत्स्यसाठ्याचाच हिशेब दिसतो: कव कुठे रोवली यावर मासा कोणत्या वयात धरला जाणार हे ठरतं. त्यामुळे साठ्याचा कोणताही अहवाल हाती आला की टनांचा तक्ता मी शेवटी पाहतो. आधी शोधतो ते कवी किती, कुठे, आणि खोल्याची आस केवढी.