वाट, वाटाड्या आणि वाक्याचा कर्ता : माचू पिक्चूच्या पदयात्रेची संहिता

१

प्रवासवर्णनाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने झाला आहे. लेखकाची सौंदर्यदृष्टी, बहुश्रुतता, विनोदबुद्धी, निवेदनातील आत्मीयता ही या वाङ्मयप्रकाराच्या मूल्यमापनाची गमके मानली गेली. ती गैरलागू नाहीत. परंतु प्रवासाचे कथानक प्रवाशाने स्वतः रचलेले असते की ते त्याला आयते मिळालेले असते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत सहसा येत नाही. ज्या प्रवासात मार्ग, मुक्काम, चढउतार आणि उत्कर्षबिंदू आधीच ठरलेले असतात त्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. पेरूमधील कुस्को परिसरातून माचू पिक्चूच्या इंकाकालीन भग्नावशेषांकडे जाणारी, वाटाड्याच्या सोबतीने करावयाची चार दिवसांची पदयात्रा हे अशा प्रवासाचे ठळक उदाहरण होय. या पदयात्रेवर लिहिला जाणारा मजकूर जशी एक संहिता आहे, तशीच ती पदयात्राही एक संहिता आहे. तिला आरंभ, मध्य आणि अंत आहे. तिचा नायक ठरलेला आहे, आणि काही पात्रांना तिच्यात वाक्याचा कर्ता होता येत नाही. या शेवटच्या गोष्टीकडे समीक्षेने अधिक बारकाईने पाहावयास हवे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

माचू पिक्चूला पायी जाण्याची व्यावहारिक निकड आज उरलेली नाही. पायथ्याच्या गावापर्यंत रेल्वे जाते, तेथून बस वर नेते. तेव्हा चालणे ही वाहतुकीची नव्हे, तर कथनाची गरज आहे. रेल्वेमार्गाच्या ८२ व्या किलोमीटरपाशी सुरू होणारी सुमारे ४३ किलोमीटरची ही वाट पहिल्या दिवशी नदीकाठाने जाते. दुसऱ्या दिवशी ती वार्मी वान्युस्का या सुमारे ४,२१५ मीटर उंचीच्या खिंडीवर चढते. तिसऱ्या दिवशी रुंकुराकाय, सायाकमार्का, फुयुपातामार्का असे अवशेष ओलांडत ती ढगांनी वेढलेल्या अरण्यात उतरते, आणि चौथ्या दिवशी पहाटे इंती पुंकू म्हणजे सूर्यद्वारापाशी पोचते. तेथून संपूर्ण माचू पिक्चू एकदम दृष्टीस पडते. विरळ हवेने कोंडलेला श्वास, खिंडीवरचा विजय, धुक्यातील अनिश्चितता आणि सूर्योदयाबरोबर होणारे दर्शन, असा हा क्रम आहे. साधना, कसोटी आणि साक्षात्कार या अतिपरिचित त्रयीशी तो तंतोतंत जुळतो.

या कथानकाचे स्वरूप भूगोलाशी ताडून पाहिले की त्याचे रचितपण उघड होते. माचू पिक्चूची उंची सुमारे २,४३० मीटर आहे. पदयात्रा जेथून सुरू होते ते ठिकाणही त्याहून उंच आहे. म्हणजे आरोहण म्हणून सांगितले जाणारे हे कथानक प्रत्यक्षात उतरणीवर संपते. तरीही आठवणींत आणि लेखनात ते 'चढून मिळवलेले' दर्शन म्हणूनच राहते, कारण कथनाला चढण हवी असते.

या लेखनप्रकाराची दुसरी खूण वाक्यरचनेत सापडते. चालणाऱ्याविषयीची वाक्ये कर्तरी असतात : तो चालतो, थांबतो, धापा टाकतो, पाहतो, भारावतो. मुक्कामाविषयीची वाक्ये मात्र कर्त्यावाचून येतात : तंबू उभारलेले असतात, पाणी तापलेले असते, जेवण तयार असते. सकाळी प्रवासी निघून गेल्यावर तळ आवरणारे, ओझी पाठीवर घेऊन त्याच वाटेने प्रवाशांना मागे टाकणारे आणि ते पोचण्यापूर्वी पुढचा तळ उभा करणारे भारवाहक या वाक्यांमधून गळून पडतात. परवान्यांची व्यवस्था मात्र त्यांना मोजते. या वाटेवर दिवसाला ५०० माणसांना प्रवेश आहे. त्यांपैकी सुमारे २०० प्रवासी असतात. उरलेले वाटाडे, स्वयंपाकी आणि भारवाहक. २००१ साली पेरूमध्ये झालेल्या कायद्याने भारवाहकाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो ठरवली, आणि वाटेवरील नाक्यावर हे ओझे वजन करून पाहिले जाते. संख्येने बहुसंख्य असलेली आणि कायद्याने दखल घेतलेली ही माणसे कथनाच्या व्याकरणात अल्पसंख्यही नसतात, ही विसंगती केवळ लेखकांच्या असंवेदनशीलतेने स्पष्ट होत नाही. प्रवासी त्यांचे आभार मानतात, छायाचित्रे काढतात, अखेरच्या रात्री बक्षिशी देतात. पण कृतज्ञता हा कथानकाबाहेरचा परिशिष्टासारखा भाग असतो. कथानकात त्यांना जागा दिली तर 'मी येथवर आलो' हे मध्यवर्ती वाक्यच डळमळू लागते.

३

या वाक्याची पूर्वपीठिका १९११ मध्ये आहे. त्या वर्षी २४ जुलै रोजी येल विद्यापीठातील अध्यापक हायरम बिंगहॅम माचू पिक्चूवर पोचला. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने १९१३ साली एप्रिलचा संपूर्ण अंक त्याच्या मोहिमेला वाहिला, आणि १९४८ मध्ये त्याने या कथेला 'लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज' या पुस्तकात अंतिम रूप दिले. 'हरवलेले शहर' हे रूपक तेथून रूढ झाले.

बिंगहॅमचे निवेदन बारकाईने वाचले तर या रूपकाविरुद्धचा पुरावा त्याच निवेदनात सापडतो. वाट दाखवणारा मेल्चोर आर्तेआगा हा खालच्या खोऱ्यातील रहिवासी होता. वर दोन शेतकरी कुटुंबे राहत होती. त्यांनी इंकांच्या पायरीबंद शेतांतील काही भाग साफ करून पिके घेतली होती. त्यांनी पाहुण्यांना पाणी आणि रताळी दिली. आर्तेआगा पूर्वी तेथे येऊन गेला असल्याने तो गप्पा मारत मागे थांबला आणि पुढची वाट एका लहान मुलाने दाखवली. आगुस्तिन लिसार्रागा या स्थानिक माणसाने १९०२ मध्येच तेथल्या भिंतीवर आपले नाव लिहिलेले होते, याची नोंद बिंगहॅमच्या टिपणवहीत आहे. म्हणजे शोधाच्या कथेत आधीच राहणारे, आधीच येऊन गेलेले आणि वाट दाखवणारे असे सर्व लोक उपस्थित आहेत. फक्त 'शोधणे' या क्रियापदाचे कर्तेपण त्यांच्या वाट्याला येत नाही. ते साधन म्हणून किंवा स्थळवर्णनाचा भाग म्हणून येतात.

मेरी लुईझ प्रॅट यांनी 'इम्पीरियल आइज' (१९९२) या ग्रंथात वासाहतिक प्रवासलेखनातील एका नेहमीच्या प्रसंगाची चिकित्सा केली आहे : प्रवासी उंचावर उभा राहतो, खालचा प्रदेश न्याहाळतो आणि त्या पाहण्यालाच शोधाचे व स्वामित्वाचे मोल येते. सूर्यद्वाराशी होणारे दर्शन हा याच प्रसंगाचा नित्य घडणारा प्रयोग म्हणता येईल. बिंगहॅमला जे एकदा मिळाले ते पदयात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत रोज पहाटे उपलब्ध असते. शोधाचा ज्ञानविषयक दावा मात्र केव्हाच निकालात निघाला आहे. माचू पिक्चू हे इंकांचे शेवटचे आश्रयस्थान विल्काबाम्बा होय, हे बिंगहॅमचे अनुमान टिकले नाही; ते पंधराव्या शतकातील पाचाकुती या सम्राटाची खाजगी जहागीर होते, हे मत आज सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले आहे. त्याने नेलेल्या वस्तूही २०१० च्या करारानंतर येलने पेरूला परत केल्या. वस्तू परत आल्या. कथानक परत घेण्याची अशी सोय नसते.

४

या कथानकाला साहित्यातून मिळालेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर म्हणजे पाब्लो नेरूदा यांची 'माचू पिक्चूची शिखरे' ही बारा खंडांची दीर्घकविता. १९४३ मधील भेटीनंतर १९४५ साली लिहिलेली ही कविता पुढे 'कान्तो खेनेराल' (१९५०) मध्ये समाविष्ट झाली. तिचे मोठेपण असे की, दगडांच्या भव्यतेने स्तिमित झालेला निवेदक एका टप्प्यावर त्या भव्यतेवरच संशय घेतो. दगडांवर दगड रचले जात असताना माणूस कोठे होता, त्याची भूक कोठे गाडली गेली, असा प्रश्न तो विचारतो. इंका साम्राज्याचे आदर्शीकरण नाकारणारा हा प्रश्न आहे, आणि तो इतिहासाला धरून आहे : इंकांचे रस्ते हौशी भ्रमंतीसाठी नव्हते, ते सैन्य, निरोपे, लामांचे तांडे आणि पाळीपाळीने राबवले जाणारे श्रमिक यांच्यासाठी होते. ओझ्याचा इतिहास वसाहतीबरोबर सुरू झालेला नाही.

तथापि कवितेच्या अखेरीस निवेदक मृत श्रमिकांना आपल्या मुखातून बोलण्याचे आवाहन करतो. येथे सहानुभूती प्रतिनिधित्वाचे रूप घेते. जे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने कवी बोलणार. पण त्या वेळी खोऱ्यात राहणारे, केचुआ बोलणारे, जिवंत लोक कवितेत नाहीत. श्रमिक मृत असणे ही या आवाहनाची जणू पूर्वअट ठरते.

होसे मारिया आर्ग्वेदास यांच्या 'लोस रिओस प्रोफुंदोस' (१९५८) या कादंबरीचा आरंभ या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. वडिलांबरोबर रात्री कुस्कोला आलेला एर्नेस्तो हा मुलगा इंकांच्या भिंतीला हात लावतो आणि त्याला दगड हलताना, उकळताना, बोलताना जाणवतात. ही अनुभूती त्याला केचुआ शब्दांतूनच नेमकी होते. पण त्याच प्रकरणात, श्रीमंत नातेवाइकाच्या घरी एक पोंगो, म्हणजे जमीनदाराच्या घरी बिनमोल राबणारा माणूस, मान खाली घालून उभा आहे. आर्ग्वेदास भिंत आणि पोंगो यांना एकाच रात्रीत, एकाच मुलाच्या नजरेसमोर ठेवतात. त्यामुळे भिंतीचे सौंदर्य कमी होत नाही; मात्र ती 'भूतकाळ' म्हणून बाजूला काढून पाहता येत नाही. नेरूदांच्या कवितेत भव्यतेखालचा माणूस कल्पनेने उकरावा लागतो, आर्ग्वेदास यांच्या कादंबरीत तो अंगणात उभा असतो.

५

ओझे वाहणाऱ्याने स्वतः निवेदन केले तर प्रवासाची रचना कशी बदलते? अँडीजमध्ये या प्रश्नाचे उत्तर देणारी संहिता आहे. ग्रेगोरिओ कोन्दोरी मामानी हा कुस्को शहरातील हमाल. रिकार्दो वाल्देर्रामा आणि कार्मेन एस्कालान्ते यांनी त्याचे आणि त्याची पत्नी आसुन्ता किस्पे वामान हिचे केचुआतील आत्मकथन ध्वनिमुद्रित करून १९७७ मध्ये केचुआ व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध केले. तो पदयात्रेच्या वाटेवरचा भारवाहक नव्हता. बाजारातले व रस्त्यावरचे ओझे तो वाहत असे. परंतु त्याच्या निवेदनात वाट या गोष्टीला जो अर्थ येतो तो येथे प्रस्तुत आहे. अनाथपण, गुराखीपण, सैन्यातील भरती, तुरुंग, गिरणी आणि अखेर हमाली अशा क्रमाने तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, पण या जाण्याला उत्कर्षबिंदू नाही. भाकरी आणि आसरा जेथे मिळेल तेथपर्यंतच वाट असते. डोंगर त्याच्यासाठी देखावा नसतात; ते अपू, म्हणजे माणसांशी देवघेव असणाऱ्या शक्ती असतात. 'पाहणे' या क्रियापदाभोवती फिरणारे प्रवासकथन येथे 'वाहणे' या क्रियापदाभोवती फिरते.

या संहितेकडे निर्भेळ आवाज म्हणून पाहणे भाबडेपणाचे होईल. ध्वनिमुद्रण, लिप्यंतर, अनुवाद आणि प्रकरणांची मांडणी यांत संकलकांचा हात आहेच. पण मध्यस्थी ही अँडियन लेखनाची जुनीच अवस्था आहे. कुस्कोत १५३९ मध्ये जन्मलेल्या इंका गार्सिलासो दे ला वेगा याने आपल्या 'कोमेन्तारिओस रेआलेस' (१६०९) या ग्रंथाची भूमिका भाष्यकाराची आणि दुभाष्याची ठेवली. स्पॅनिश इतिहासकारांच्या ग्रंथांवर आपण केवळ टीका लिहीत आहोत असे सांगत त्याने केचुआ शब्दांच्या अर्थापासून सुरुवात केली आणि पाहता पाहता मूळ ग्रंथांचा आशयच बदलला. मूळ संहितेशी नम्रता राखून नवे दर्शन मांडणारा भाष्यकार मराठी वाचकाला अनोळखी नाही. ग्वामान पोमा दे आयाला याने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून लिहिलेल्या सचित्र हस्तलिखितात मार्गावरील मुक्कामांच्या ठिकाणी स्पॅनिश प्रवासी ओझेवाल्यांना कसे छळतात याची तक्रार आहे. आणि शेवटाकडे वृद्ध लेखक स्वतः लिमाच्या वाटेवर चालताना चितारलेला आहे. अँडीजमधून चालणाऱ्या निवेदकाचे हे चित्र बिंगहॅमच्या सुमारे तीनशे वर्षे आधीचे आहे, आणि हा निवेदक काही शोधण्यासाठी निघालेला नसून दाद मागण्यासाठी निघालेला आहे.

६

या परंपरेच्या प्रकाशात आजच्या वाटाड्याचे स्थान पुन्हा तपासता येते. पर्यटनाच्या समीक्षेने त्याला बहुधा दुय्यम लेखले आहे. डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये मांडलेली रचलेल्या अस्सलतेची संकल्पना किंवा जॉन उरी यांची १९९० मधील पर्यटकीय नजरेची मीमांसा यांचा रोख पर्यटकावर आहे. प्रॅट यांनी ग्वामान पोमाचे महत्त्व ओळखले असले, तरी त्यांच्या पद्धतीचे अनुकरण अनेकदा पाहणाऱ्याच्या नजरेचे दोष दाखवून थांबते. पर्यटकाला खलनायक ठरवणारी समीक्षाही त्यालाच कथानकाच्या केंद्रस्थानी ठेवते आणि वाटाडे व भारवाहक पुन्हा एकदा कर्मस्थानी राहतात.

वास्तविक या पदयात्रेचा निवेदक वाटाड्या आहे. कोठे थांबायचे, कोणत्या भिंतीविषयी काय सांगायचे, कोणता केचुआ शब्द अनुवादित करायचा आणि कोणता तसाच ठेवायचा हे तो ठरवतो. 'हरवलेले शहर' हे विकले जाणारे कथानक त्याला सांभाळावे लागते आणि पाचाकुतीच्या जहागिरीचा इतिहासही सांगावा लागतो. इंकांच्या काळी या नगरीचे नाव बहुधा वायना पिक्चू होते, हे २०२२ मध्ये गाजलेले संशोधन सांगायचे तर ज्या नावासाठी प्रवासी आला आहे तेच त्याला सैल करावे लागते. प्रवाशांची भाषा आणि भारवाहकांची भाषा यांच्यामध्ये तो उभा असतो. त्याची स्थिती गार्सिलासोच्या स्थितीशी नाते सांगणारी आहे : भाष्य करण्याची मुभा असते, मूळ संहिता बदलण्याची नसते, आणि बदल घडतो तो भाष्यातूनच. अर्थात तोही सत्तासंबंधांच्या बाहेर नाही. भारवाहकाच्या तुलनेत त्याच्याकडे भाषा आहे, परवाना आहे, आणि म्हणून निवेदनाचा अधिकार आहे.

प्रवासवर्णनाच्या समीक्षेला यातून एक साधे पण काटेकोर साधन मिळते. प्रवाशाची दृष्टी किती सूक्ष्म आहे याबरोबरच त्याच्या गद्यात कोणती क्रियापदे कोणाच्या वाट्याला आली आहेत, कोणती वाक्ये कर्त्यावाचून आली आहेत, आणि कर्ता परत आणला असता कथानक टिकते की मोडते, हे पाहता येईल. माचू पिक्चूच्या बाबतीत ते मोडत नाही. तीच वाट, तीच खिंड आणि तीच पहाट राहते. मात्र ५०० माणसे चालत आहेत हे वाक्यात उतरले की 'मी येथवर आलो' या विधानाला 'आम्ही' या सर्वनामाचा विचार करावा लागतो. ते सर्वनाम वापरण्याचा अधिकार प्रवाशाला सहजासहजी मिळत नाही, आणि प्रवासलेखनातील नैतिकतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथे सुरू होतो.