सूत्रधाराची पोथी

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेव्हां पात्रांच्या हातीं लिहिलेलीं भाषणें नव्हतीं. पदें सूत्रधारानें म्हणावयाचीं, आणि राम, रावण वा राक्षस यांनीं आपापलें बोलणें तेथल्या तेथें रचावयाचें. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापला, त्याची रीत पुष्कळशी हीच. एकजण सूत्रधार, बाकीचे वीर, मांत्रिक वा पुरोहित होऊन बोलतात. फरक इतकाच कीं, येथें कथेचा शेवट सूत्रधारासही ठाऊक नसतो.

ह्या खेळाच्या जुन्या संप्रदायाचीं पुस्तकें पुष्कळ, घेण्याजोगीं थोडीं. गायगॅक्स यांची १९७९ ची 'डंजन मास्टर्स गाइड' अडगळीच्या खोलीसारखी आहे: पाहिजे ती वस्तु तेथें असते, पण सांपडत नाहीं. टॉम मोल्डव्हे यांचें १९८१ चें ६४ पृष्ठांचें पुस्तक आम्हांस सर्वांत आवडतें. त्यांत मशाल एक तास जळते व मग विझते. राक्षस दिसला कीं तो मारावयासच येतो असें नाहीं. दोन फाशांच्या बेरजेवरून त्याची वृत्ति ठरते. दोन पडले तर तुटून पडेल, बारा पडले तर स्नेह करील. अनुभवाचे गुणही मुख्यतः धन बाहेर आणल्याबद्दल मिळतात, मारल्याबद्दल थोडेच. म्हणून शहाणा खेळाडू तलवारीआधीं जीभ चालवितो. 'अलल्डुर्र' करीत रंगभूमि हादरविणाऱ्या जुन्या राक्षसपार्ट्यांस हें कोष्टक खासच मानवलें नसतें!

गॅव्हिन नॉर्मन यांचें 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' (२०१९) म्हणजे त्याच १९८१ च्या नियमांची स्वच्छ मांडणी. सोय आहे, रस कमी. ख्रिस गॉनरमन यांचें 'बेसिक फँटसी' फुकट मिळतें. मॅट फिंच यांची २००८ ची लहानशी प्रवेशिका मात्र सूत्रधारानें अवश्य वाचावी. नियम शोधीत बसण्यापेक्षां प्रसंग पाहून निवाडा द्यावा, हें ती नेमकें शिकविते.

आमची तक्रार निराळीच आहे. हीं पुस्तकें इंग्रजींत आहेत म्हणून खेळही इंग्रजींतच चालवावा, असा कित्येकांचा हट्ट दिसतो. ऐनवेळीं सुचणारें बोलणें परभाषेंत अडखळतें, आणि खेळ तर सारा त्याच बोलण्यावर उभा आहे. नियम मोल्डव्ह्यांचे घ्यावे. पण साताऱ्याच्या सूत्रधारानें युरोपांतील गढी कशास उसनी आणावी? अजिंक्यताऱ्याचे दरवाजे व तळीं, पाटेश्वरचीं लेणीं जवळच आहेत. तेथें वेताळ बसवावा, आणि फासे टाकून तो काय म्हणतो तें मराठींत ऐकावें.