‘पश्चात्ताप’ की मन पालटणं?

मंडळी, द्रोणागिरीतल्या आजच्या व्याख्यानात आपण एका शब्दापाशी थांबू. शुभवर्तमानातल्या ग्रीक ‘मेटानोइया’ला मराठी बायबलात ‘पश्चात्ताप’ म्हटलंय. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. मेटानोइया म्हणजे मन पालटणं. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्म्याला आलेले लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो रडायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणतो.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, बाईंचा १९०० चा. ‘स्मृतिचित्रे’त दिसतं, की आधी त्यांच्या मनातला जातिभेद गेला, मग बाप्तिस्मा झाला. म्हणून ‘पश्चात्ताप’ हा शब्द आपल्याला अपुरा वाटतो. त्यात दुःख येतं, बदललेलं वागणं येत नाही.